भुऱ्या उंदरांसाठी मुरुडचं मंजन

प्रवासात शेजारच्याने "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी "लॅबमध्ये असते" एवढंच सांगते आणि खिडकीबाहेर बघते. "उंदीर सांभाळते" असं खरं सांगायची सोय नाही. एकदा सांगितलं होतं, तर त्या गृहस्थांनी सोलापूर येईपर्यंत त्यांच्या माळ्यावरच्या उंदरांची कुळकथा ऐकवली आणि उतरताना माझ्याकडून औषधाचं नाव लिहून घेतलं. पण यंदा मार्गशीर्षात मी नांदेड-लातूरकडे चार दिवस जाऊन आले, आणि तेव्हापासून कोणी न विचारताही मला सांगावंसं वाटतंय. निकाल काय लागला ते मात्र विचारू नका. उंदीर अजून खातायत.

तर आधी उंदरांचं सांगते. मी मूळची कोल्हापूरची, शिक्षणानं गुराढोरांची डॉक्टर, आणि गेली बारा वर्षं हैदराबादजवळच्या एका प्रयोगशाळेत उंदीरघराची प्रमुख. आमचे उंदीर साधे नव्हेत. त्यांच्या अंगात माणसाचा एक जनुक घातलेला असतो, पेशींना "वाढा" असा हुकूम देणारा. त्यामुळे कॅन्सरला वाट करून देणारा पदार्थ त्यांच्या पोटात गेला तर गाठी लवकर दिसतात. साध्या उंदरांवर हेच तपासायला दोन वर्षं जातात. इथे सहा महिन्यांत भागतं आणि जिवांचीही संख्या कमी लागते. दिसायला म्हणाल तर काहीच नाही. लोकांना वाटतं पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे असतील. आमचे भुरे आहेत, धान्याच्या कणगीमागे पळतात तसेच.

बारा वर्षांत माझ्याकडे जे जे तपासायला आलं ते बाटलीतून आलं. बाटलीवर आकडा. आत काय आहे, कोणी केलं, कोण खातं, मला पत्ता नसायचा. या वेळी साहेब म्हणाले, "हा नमुना तुम्हीच जाऊन घेऊन या." मी "बरं" म्हटलं आणि बाहेर येऊन पॅसेजमध्ये दोन उड्या मारल्या. वय वर्षं त्रेचाळीस.

नमुना म्हणजे काळं दंतमंजन. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या शिवकांताबाई तीस वर्षं ते घरी करून बाजारात विकत होत्या. त्यांची थोरली बहीण, अक्का, देगलूरला दिलेली. तिनं जन्मात तंबाखूला हात लावला नाही, पण धाकटीचं मंजन रोज दोन वेळा लावलं. तिला जबड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, जबड्याची एक बाजू काढावी लागली. त्या दिवसापासून शिवकांताबाईंनी मंजन करणं बंद केलं. नांदेडच्या एका कॉलेजात सुनंदा मॅडम घरगुती वस्तूंच्या तपासणीचा प्रकल्प चालवतात हे त्यांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी रेघांच्या कागदावर पत्र लिहिलं. पत्रात शेवटी होतं, "माझ्या मंजनानं झालं का, एवढंच मला सांगा."

सुनंदा मॅडमच्या विद्यार्थ्यांनी बाजारातल्या एका दुकानात उरलेली एक पुडी शोधून काढली. त्यातलं मंजन आधी जिवाणूंना देऊन बघितलं, त्यांच्या जनुकांत बिघाड होतो का ते. उत्तर धड हो नाही, धड नाही नाही. म्हणून मग आमचे उंदीर. प्रकल्पाला उंदरांची एकच तुकडी मिळाली होती. ती जन्मली होती, वाढत होती, आणि ठरलेल्या वयात खाणं सुरू व्हायलाच हवं होतं. पुडीत उरलेलं मंजन चमचाभर. मला हवं होतं दोन किलो, आणि तेही पंधरा दिवसांच्या आत. तेवढं एकदा करून ठेवा, असं सुनंदा मॅडमनी शिवकांताबाईंना कळवलं होतं.

नांदेड

सकाळी स्टेशनबाहेर आले तेव्हा माझ्या हातात कपड्यांची एक पिशवी आणि एक मोठी निळी पेटी. पेटीत कापसात गुंडाळलेल्या काचेच्या तपकिरी बरण्या. रिक्षात मी ती पेटी मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाले काका आरशातून बघत होते.

"मॅडम, त्याच्यात काय हाय?"

"बरण्या."

"भरल्याल्या?"

"रिकाम्या."

"मग इतकं जपून कामून धरायलाव?"

आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. सांगितलं. काका ऐकता ऐकता इतके रंगले की गुरुद्वाऱ्याचं वळण चुकून आम्ही पार पुलाजवळ पोचलो.

"म्हंजी उंदरानं खाल्लं आन् त्याला काय झालं न्हाई, तर आपण खायाचं?"

"साधारण तसंच."

"बेस हाय. आमच्या घरी उलटं हाय. आधी मी खातो, मंग बायको ठरवती."

नांदेडनं मला असं पहिल्या पंधरा मिनिटांत खिशात टाकलं. सुनंदा मॅडमच्या घरी गेल्या गेल्या समोर ताट आलं: खिचडी, तिळाचा खट्टा, पापड. आमच्या कोल्हापुरात खिचडी म्हणजे तापातून उठलेल्या माणसाचं जेवण. इथे लोक सकाळी नऊला खिचडी-खट्टा खाऊन कचेरीत जातात. पहिला घास घेतला आणि माझी कोल्हापुरी मान जरा खाली आली. मसूर घातलेली मोकळी पिवळी खिचडी आणि वर तो आंबट-तिखट खट्टा, काय सांगू! तीनदा घेतली. मॅडम म्हणाल्या, "सावकाश, दुपारी व्याख्यान आहे तुमचं, झोपाल."

झोपते कसली. वर्गात पोरं खच्चून भरली होती. मी फळ्यावर उंदीर काढला, पेशी काढली, जनुक काढला. एका गटाला मंजन मिळणार, दुसऱ्याला नुसतं खाणं, आणि तिसऱ्याला ज्यानं कॅन्सर होतो हे पक्कं ठाऊक आहे असं औषध, म्हणजे आपले उंदीर काम करतायत की नाही ते कळतं, हे सगळं सांगितलं. मग शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली. "मॅडम, उंदराला दात घासायला कसं लावणार?"

वर्ग फुटला. मला मात्र तिला मिठी मारावीशी वाटली, कारण आमच्या लॅबमध्ये याच प्रश्नावर दोन बैठका झाल्या होत्या. मी म्हटलं, "दात घासताना थोडं मंजन आपल्या पोटात जातंच. म्हणून आम्ही ते त्यांच्या खाण्यात मिसळतो." मुलगी म्हणाली, "मग माझ्या आजोबांनी आतापर्यंत दोन डबे खाल्ले असतील," आणि बसली.

संध्याकाळी सुनंदा मॅडमनी ती जुनी पुडी माझ्या हातात ठेवली. उरलेलं चमचाभर मंजन. "जुळवून बघायला असू द्या," म्हणाल्या. मग माझा कार्यक्रम बघितला आणि कपाळाला हात लावला. "अहो, परवा मुरुड? परवा येळवस आहे. परवा लातुरात चिटपाखरू भेटायचं नाही तुम्हाला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मी हे नावही ऐकलं नव्हतं. लाज वाटली, पण खरं तेच सांगते.

लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचली. रस्ताभर काळी रानं, तुरीला शेंगा लगडलेल्या, मधेच हरभऱ्याचे हिरवेगार पट्टे आणि कमरेएवढी ज्वारी. गाडीत बसायला जागा नव्हती. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली माणसंसुद्धा येळवशीला आपल्या शेतात पोचायचं म्हणून पिशव्या घेऊन उभी होती. दिवाळीला नाही आलं तरी चालतं, येळवशीला यावंच लागतं, असं एक बाई मला पटवून देत होत्या.

लॉजच्या मॅनेजरनं किल्ली देताना विचारलं, "उद्या जेवायला कुठं?"

"हॉटेलात."

तो हसला. "हॉटेलवाला बी शेतातच की. तुम्हाला शेत न्हाई का?"

"नाही."

"मग कुणाच्या बी शेतात जाऊन बसा. कोण हाकलून देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली आणि थक्क झाले. इतकं मोठं शहर, मुख्य चौक रिकामा, एकूण एक दुकानाचं शटर खाली. संचारबंदी लागावी तसं. फक्त मोटारसायकली आणि टेम्पो शहराबाहेर निघालेले, मागे बायका, पोरं, डोक्यावर टोपल्या. मला न्यायला शिवकांताबाईंचा मुलगा बसवराज आला. तिशीचा, मुरुडला त्याचं किराणा दुकान आहे. त्यानं माझी निळी पेटी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवली, मला मागे बसवलं आणि वाऱ्यासारखी गाडी सोडली. मी अर्धा रस्ता डोळे मिटून होते आणि अर्धा रस्ता गात होते.

मुरुडचं शिवार

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची छोटी कोप उभी केली होती. आत पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, त्यांच्यापुढे नैवेद्य. एका मडक्यात आंबील, मडक्याला घोंगडी पांघरलेली. घरातले पुरुष कानडी वळणाचा कसला तरी गजर करत पिकात आंबील शिंपडत फिरत होते. त्याचा अर्थ मी तिघांना विचारला. तिघांनी तीन सांगितले.

शिवकांताबाई कोपीतून बाहेर आल्या. उंच, सडसडीत, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. मी नमस्कार केला आणि लगेच मंजनाचं काढलं, मला धीर कुठला! त्यांनी हात वर केला.

"आज शेताचा दिवस हाय. मंजन उद्या. बसा."

बसले. पत्रावळीत पडली भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, फसू नका. ओला हरभरा, ओली तूर, वाटाणा, शेंगदाणे, रानातल्या पालेभाज्या, सगळं बेसनात आणि चिंचेत शिजवलेलं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे. आणि लोट्यामागून लोटे आंबील, आंबट, गार, लसणाचा वास मारणारी. आमच्याकडे पाहुणा आला की कोंबडं किंवा बोकड, त्याशिवाय पाहुणा जेवला असं धरतच नाहीत. इथे मांसाचा कण नाही, आणि मला त्याची आठवण संध्याकाळी लॉजवर गेल्यावर झाली. हे कोल्हापुरात कृपया कोणी सांगू नका.

सगळ्यात भारी म्हणजे रस्त्यानं जाणारा एकही माणूस सुटत नव्हता. बसवराज बांधावर उभा राहून हाका मारायचा. एका ट्रकवाल्यालासुद्धा थांबवून उतरवलं. त्याला आधी वाढलं, आणि वाढताना शिवकांताबाईंनी भांड्यातली तळाची दाट भज्जी त्याच्या पत्रावळीत घातली, वरची पातळ स्वतःच्या. मी ते बघितलं, कौतुक केलं आणि विसरून गेले. डोकं गहाण टाकलं होतं, दुसरं काय.

जेवणं झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मंजन उद्या म्हणाल्या होत्या, पण प्रश्न त्यांनाच थांबवेना.

"उंदरं किती हायत?"

मी सांगितलं.

"शेवटी काय करता त्यांचं?"

हा प्रश्न मला फार लोक विचारत नाहीत. मी खोटं बोलत नाही. "सहा महिन्यांनी सगळ्यांना भूल देऊन मारावं लागतं, काकू. आतले अवयव बघितल्याशिवाय कळत नाही."

"ज्यांला काय झालं न्हाई त्यांला बी?"

"त्यांनाही."

त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांनी समोरच्या दोन पत्रावळी उचलून एकात एक घातल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मंजनापायी." मी एवढंच म्हटलं, "काकू, एक आधीच सांगते. उंदीर तुमच्या अक्कांचं सांगणार नाहीत. त्यांना कशानं झालं ते आता कोणीच सांगू शकत नाही. उंदीर मंजनाचं सांगतील."

"मंजनाचंच इचारलंय मी," त्या म्हणाल्या.

मुरुड, दुसरा दिवस

सकाळी त्यांच्या घरी पोचले तर ओसरीवर पाटावर दोन लखलखीत स्टीलचे डबे मांडलेले. डब्यांना हळदकुंकू, वर झेंडूचं एकेक फूल. मी टाळ्याच वाजवल्या. दोन किलो! झाकण उघडलं, काळंभोर, मऊ, रेशमासारखं मंजन, लवंगेचा घमघमाट. मी बरण्या काढल्या, चमचे काढले, हातमोजे चढवले. फोटो काढले. बसवराजचा काढला, डब्यांचा काढला, काकूंना आग्रह करून डब्यांमागे उभं केलं.

मग सवयीनं जुनी पुडी उघडली. पांढऱ्या कागदावर एका बाजूला पुडीतलं मंजन चोळलं, दुसऱ्या बाजूला डब्यातलं. डब्यातल्याचा डाग कोरडा, काळा. पुडीतल्याभोवती तपकिरी, तेलकट कडं उमटलं. वास घेतला. पुडीला धुराचा वास, डब्याला फक्त लवंग.

मी पुन्हा एकदा चोळून बघितलं. तेच.

"काकू, हे तुम्ही नेहमीसारखंच केलंय ना?"

"नेहमीसारखं?" त्यांना राग आला. "न्हाई बाई! परीक्षेला जायचं मंजन नेहमीसारखं कसं करीन? बदामाची टरफलं आणली लातूरहून. दोनदा जाळली, पार राख व्हायच्या बेतापर्यंत. नव्या लवंगा. मलमलीतून तीनदा चाळलं. आंघोळ करून, भस्म लावून केलंय."

"स्पेशल माल हाय, मॅडम," बसवराज म्हणाला. "असलं मंजन बाजारात कधी गेलंच न्हाई."

तेच तर! मी खांबाला टेकून बसले. काल त्या ट्रकवाल्याला तळाची दाट भज्जी वाढणारी ही बाई, हैदराबादच्या लॅबला रोजचं मंजन कशी देणार? आणि मला हे आधी सुचायला नको? मी स्वतःवर इतकी चिडले की हातमोजे काढून फेकले. मग बसवराजवर चिडले, उगाचच. मग भानावर येऊन समजावलं की उंदरांना जे लोक खातात तेच द्यायचं असतं. रोजचं. जसं अक्का लावत होत्या तसं. हे नेलं तर उंदीर मजेत राहतील आणि आपण म्हणू मंजन चांगलं, पण ते उत्तर दुसऱ्याच मंजनाचं असेल.

"पाव्हण्याच्या ताटात शिळी भाकर घालत न्हाईत आमच्यात," काकू हळू आवाजात म्हणाल्या.

बसवराज पुढे सरकला. "मॅडम, माझं ऐका. हेच घेऊन जा. हे चांगलंच निघणार. आन् इथून पुढं आम्ही असंच करू, बदामाचं. जुन्याचं कशाला उकरायचं? ते बंदच हाय की वर्षापासून. अव्वा, तू बी सुटशील, लोकं बी नावं ठेवणार न्हाईत."

खरं सांगते, त्याचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. मीही क्षणभर डगमगले. पंधरा दिवस भराभर संपत होते, डबे भरलेले होते, आणि समोर एक थकलेली बाई होती. पण हे ठरवणं माझं नव्हतंच.

काकूंनी डब्यांची झाकणं लावली. फुलं काढून देवळीत ठेवली.

"अक्कानं बदामाचं लावलं का कधी?" त्यांनी मुलाला विचारलं.

"न्हाई, पण..."

"मग? इतकी उंदरं मरणार हायत म्हणतेत ह्या बाई. खोट्यापायी कामून मारायची रे त्यांला? मारायचीच हायत तर खऱ्यापायी मरू दे." आणि पदर खोचून त्या परसात गेल्या.

परसात एक जुना लोखंडी पिंप होता, वर्षभर पालथा घातलेला. बसवराजनं तो मुकाट्यानं सुलटा करून दिला. शेजारच्या तेलघाण्यावरून भुईमुगाच्या टरफलांचं पोतं आलं, बाभळीच्या काटक्या आल्या. मी वही काढली आणि काय आनंद झाला म्हणून सांगू! बारा वर्षं ज्या बाटल्या मी नुसत्या हलवून बघितल्या, त्यातली एक माझ्या डोळ्यांसमोर जन्माला येत होती. किती टरफलं, किती काटक्या, झाकणाला मातीचा लेप किती जाड, सगळं मी लिहीत सुटले. काकूंना दर दोन मिनिटांनी विचारत होते, "नेहमी असंच? नेहमी एवढंच?" शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोलत ऱ्हायला तर माझा हात नेहमीसारखा चालायचा न्हाई." मी गप्प बसले. हे मला जमलं याची नोंद घ्यावी.

पिंपाच्या भोकांतून पिवळट धूर निघायला लागला. काही वेळानं त्यांनी आच काढली.

"झालं?" मी न राहवून विचारलं.

"न्हाई झालं. अजून तासभर पायजे. पर बाजाराच्या दिवशी कोण थांबतंय? आम्ही एवढ्यातच काढत होतो." त्या पिंपाकडे बघत राहिल्या. "लोकांला धुराचा वास आवडायचा बी."

मधला भाग काळा झालाच नव्हता, तपकिरी राहिला होता. तो तसाच कांडपात गेला, त्यात तुरटी, सैंधव, हिरडा, लवंग. कुटण्याचा आवाज गल्लीत गेला मात्र, दारात बायका हजर. एका म्हातारीनं तर रिकामी डबीच आणली होती. "शिवकांता, चालू केलीस का गं? वर्ष झालं, दात शिवशिव करायलेत."

"न्हाई मावशी. हे उंदरांचं हाय."

"कुणाचं?"

"उंदरांचं."

म्हातारीनं आधी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग डबी पदराखाली लपवून निघून गेली. गल्लीत आता माझ्याविषयी काय बोललं जात असेल ते मला ठाऊक नाही.

मंजन गार झाल्यावर मी चिमूटभर घेऊन कागदावर चोळलं. तपकिरी, तेलकट कडं. वास घेतला. धूर! पुडीशी धरून बघितलं, डाग जुळ्या भावंडांसारखे. "जुळलं!" मी ओरडले. "जुळलं, काकू!" मी बसवराजचा हात धरून हलवला. आणि मग काकूंचा चेहरा बघितला. ते तपकिरी कडं म्हणजे अर्धवट जळलेल्या टरफलांचा चिकट अंश, आणि मंजनात काही वाईट असेल तर ते त्यातच असणार, हे मीच त्यांना सकाळी समजावलं होतं. मला नाचायला झालं होतं आणि त्या उभ्या होत्या. माझी मलाच शरम वाटली.

"कागदाला काय कळतंय," काकू म्हणाल्या. "कागदानं कधी दात घासलेत?"

त्यांनी उजव्या हाताचं बोट बरणीत घातलं आणि तोंडाकडे नेलं.

"नको!" मी किंचाळले. खरंच किंचाळले, हात पुढे करून.

त्यांचं बोट ओठाशी थांबलं. चार दिवस मी सगळ्यांना एकच सांगत आले होते: आम्हाला काहीच माहीत नाही, उत्तर उंदीर देतील, त्याआधी कोणी काही ठरवायचं नाही. काकू माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या.

"म्हंजी तुम्हाला बी तेच वाटायलंय," त्या म्हणाल्या.

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

त्यांनी बोट तोंडात घातलं. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, वर, खाली, तीस वर्षांच्या सवयीनं हिरड्यांवरून फिरवलं. बसवराज "अव्वा" म्हणाला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्या डोळे मिटून चव घेत राहिल्या. मग तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली, काळं पाणी मोरीत टाकलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"हेच हाय," त्या म्हणाल्या. "हेच अक्काला पाठवत होते मी. भरा बरण्या."